गुळ्याची दिवाळी

आमच्या बिल्डिंगमध्ये नरकचतुर्दशीचा पहिला फटाका माझा असायचा. डोंबिवली पश्चिमेला राहायला आलो त्या वर्षापासून सलग सहा वर्षं. मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत टाइम ऑफिसला होतो. सातशे माणसांची हजेरी, कोण किती मिनिटं उशिरा आला, कोणाला लेट मार्क, हे सगळं माझ्या हाताखालून जायचं. त्यामुळे वेळेच्या बाबतीत मी कोणाच्या बापाचं ऐकत नसे. साडेचारला उटणं, पावणेपाचला आंघोळ, पाचला दारात अंगठ्याखाली कारीट फोडायचं आणि पाच वाजून दोन मिनिटांनी गॅलरीत लवंगीची माळ. खालच्या मजल्यावरची मंडळी म्हणायची, वाजली टाइम ऑफिसची माळ, उठा आता. मला त्याचा फार अभिमान होता. आज सांगायला लाज वाटते इतका.

सत्त्याऐंशी सालच्या दिवाळीत ती माळ वाजली तेव्हा गॅलरीत सशांचा पिंजरा होता.

ससे दोन होते. कल्याणजवळ मोहन्याला राहणारा माझा मित्र चांगदेव, त्याने ती जोडी माझ्या मुलीला दिली होती. मुलीचं नाव शेवंती. माझ्या आईचं नाव मी हौसेने तिला ठेवलेलं, आणि अख्ख्या शाळेत ती एकटीच शेवंती, म्हणून माझ्यावरचा तिचा एक जुना राग होताच. पांढऱ्या सशाचं नाव तिने ठेवलं साखऱ्या आणि तांबूस होता तो गुळ्या. त्या पहाटे मी माळ कठड्याच्या पलीकडच्या टोकाला बांधली होती, पिंजऱ्यापासून चांगली चार हात लांब. पिंजऱ्यावर गोणपाटही टाकलेलं होतं. माळ वाजून संपली, धूर विरला, शेवंती नवा फ्रॉक घालून सशांना फराळ दाखवायला आली आणि तिने गोणपाट वर केलं. साखऱ्या कोपऱ्यात आडवा पडला होता. अंगावर एक ओरखडा नव्हता.

ती दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी रडणं थांबवून तिने जाहीर केलं की गुळ्याला बाबांनी हात लावायचा नाही. दहा वर्षांची पोर, आवाज चढवला नाही की काही नाही, नुसतं सांगितलं आणि तो कायदा झाला. माझ्याशी ती बोलायची, गणितं विचारायची, रविवारी माझ्याबरोबर बाजारातही यायची. पण मी पिंजऱ्याकडे वळलो की कुठे असेल तिथून येऊन मध्ये उभी राहायची. वर्षभर हे चाललं. मी एकदा तरी म्हणायला हवं होतं की बाळा, चूक माझी. त्याऐवजी मी काय काय म्हणालो ते ऐका. सशांची छातीच कमजोर असते. तो आधीपासूनच आजारी असणार. सगळं गाव फटाके वाजवतं, माझी एकट्याची माळ ती काय. पंचिंग मशीनपाशी उभ्या राहिलेल्या कामगाराची एक सबब मी कधी ऐकून घेतली नाही. स्वतःसाठी मात्र माझ्याकडे सबबींचा साठा तयार होता.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी आठ दिवस माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन रत्नागिरीला ठरलं. ती संगमेश्वरजवळच्या गावी एकटी राहायची. ऑपरेशननंतर दर चार तासांनी डोळ्यात थेंब घालायचे, चुलीपुढे बसायचं नाही, वाकायचं नाही. आम्ही गेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. गुळ्याला बारा तास एसटीतून न्यायची सोय नव्हती, आणि नेला तरी गावी आमच्याच पडवीत चार कुत्री झोपत. शेवंती म्हणाली, मी येत नाही, मी गुळ्याजवळ थांबते. तिची आई विमल म्हणाली, आणि तुझ्याजवळ कोण थांबणार? हा वाद दोन दिवस चालला आणि तिसऱ्या दिवशी मी तापलो. म्हटलं, गुळ्याला मी अशा ठिकाणी ठेवीन की त्याच्या केसाला धक्का लागणार नाही.

शेवंतीने माझ्याकडे वळून विचारलं, "वचन?"

मी वचन दिलं. देऊन बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसलोय. या वेळी गुळ्यालाही काही झालं, तर मुलगी माझ्या शब्दावर पुन्हा कधी विश्वास ठेवणार नाही, आणि तसं करण्यात तिचं काही चुकणारही नाही.

मग आमची फिरती सुरू झाली. शेवंतीने बरोबर यायचा हट्ट धरला आणि प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारायचं ठरवून ठेवलं होतं. चांगदेवकडे गेलो. तो म्हणाला, आणा, माझाच ससा तो. शेवंतीने विचारलं, तुमच्याकडे फटाके वाजतील? चांगदेवच्या मुलीचं नुकतंच लग्न झालेलं, जावयाचा पहिला दिवाळसण, जावयासाठी आणलेल्या फटाक्यांची पेटी कॉटखाली ठेवलेली. चांगदेव खोटं बोलणारा माणूस नव्हे. तो म्हणाला, वाजतील गं. आम्ही चहा पिऊन परत आलो. ठाकुर्लीला रेल्वे क्वार्टर्समध्ये विमलची मावसबहीण होती, तिच्या दारात कुत्रा बांधलेला बघून शेवंतीने आत पाऊलच टाकलं नाही. समोरच्या ब्लॉकमधल्या शांताबाई तर म्हणाल्या, किल्ली ठेवून जा, मी दोन वेळा पाला घालीन. शेवंतीने प्रश्न विचारला. शांताबाईंना हसू आलं. म्हणाल्या, दिवाळी आहे बाळा, फटाके कुठे वाजत नाहीत सांग.

हे बोलणं जिन्यात झालं आणि त्याच जिन्यात जनाबाई बसली होती.

जनाबाई कोळीण आमच्या बिल्डिंगला बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी मासळी घेऊन यायची. मोठागावच्या खाडीकाठची, साठीच्या पुढची, काटक. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाटी उतरवायची आणि गिऱ्हाइकांनी खाली यायचं, असा तिचा नियम. वयाने, हुद्द्याने कोणी कितीही मोठा असो, ती त्याला अरेतुरे करायची. तो त्यांच्या बोलण्याचा रिवाज आहे हे मला ठाऊक होतं, तरी दर रविवारी मला ते खटकायचं. तिने कोळंबी निवडता निवडता शेवंतीला जवळ बोलावलं आणि काय झालं ते विचारून घेतलं. शेवंतीने साखऱ्यापासून सगळं सांगितलं. माळेचंही सांगितलं. जनाबाईने मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा कोळंबीत घातली.

"माज्याकडं दे," ती म्हणाली. "गावात वाजतात. खारीत कोन वाजवतो?"

खाडीला ती खारी म्हणायची. तिचं घर खाडीला लागून असेल, तिथे जरा शांत असेल, एवढाच त्याचा अर्थ मी लावला आणि सोडून दिला. शेवंतीने मात्र तिला दोनदा विचारलं, नक्की? दोन्ही वेळा जनाबाईने मान डोलावली. शेवंती घरात येऊन म्हणाली, गुळ्या जनाबाईकडे राहील.

मी आत जाऊन विमलशी भांडलो. मनात जे आलं ते बोललो, आणि ते काय होतं तेही लिहायला हवं. मी म्हणालो, दिवसभर मासे कापणारी बाई, तिच्या घरात तांबूस, गुबगुबीत ससा पाठवायचा? दिवाळीचे पाहुणे येतील, रस्सा होईल आणि आपण आलो की सांगतील, पळून गेला. विमल पोळ्या लाटत होती. तिने लाटणं खाली ठेवलं. "ती कापते ते मासे खातं कोण?" एवढंच तिने विचारलं. मग पुन्हा लाटायला लागली.

निघायच्या आदल्या दिवशी जनाबाई गुळ्याला न्यायला येणार होती. मी माझ्या पद्धतीने तयारी केली. ऑफिसच्या मराठी टाइपरायटरवर चौदा कलमांचा तक्ता टाइप केला, कार्बन लावून दोन प्रती. सकाळी किती पाला, दुपारी किती, कोबी देऊ नये, भिजलेलं गवत देऊ नये, पाण्याची वाटी कुठे ठेवावी. कलम नऊ होतं, फटाक्यांपासून दूर ठेवणे. खाली सही करायलाही जागा सोडली होती.

जनाबाईने तक्ता हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि परत दिला. "मना वाचाय येत नाय," ती म्हणाली. "तोंडानं सांग. एकदाच सांग."

मी कपाळाला आठ्या घालून चौदा कलमं वाचली. ती जिन्यावर बसून ऐकत होती. माझं संपल्यावर तिने ती चौदाच्या चौदा, त्याच क्रमाने, तिच्या भाषेत मला परत म्हणून दाखवली. घरोघरची उधारी, कोणाला पापलेट लागतं, कोणाकडे गुरुवार पाळतात, हे सगळं जी बाई चाळीस वर्षं डोक्यात वागवते तिच्यापुढे माझा कागद काय टिकणार? मी तपासत होतो आणि एक शब्द सुटलेला सापडत नव्हता. वर तिने मला विचारलं की एवढं लिहिलंस, पण हा भ्याला तर कळायचं कसं, ते यात कुठे आहे?

मला ते माहीत नव्हतं. वर्षभर ज्याला हात लावला नाही त्याचं मला काय माहीत असणार. शेवंतीने सांगितलं. भ्याला की त्याचं नाक हलायचं थांबतं. एरवी ते सारखं हलतं. फार भ्याला तर मागचा पाय जमिनीवर आपटतो. जनाबाई पिंजऱ्यापाशी वाकून त्याच्या नाकाकडे पाहत राहिली, मासळीच्या कल्ल्यात बोट घालून ताजेपणा तपासताना बघायची तसंच, अगदी लक्ष लावून. मग तिने शेवंतीचा एक वापरलेला फ्रॉक मागितला. सशाला अंथरायला.

विमल लगबगीने आत गेली आणि फ्रॉक घेऊन आली. आदल्याच दिवशी धुतलेला, वर इस्त्री केलेला. जनाबाईने तो नाकाशी नेला आणि म्हणाली की याला साबणाचा वास येतो, यात पोर कुठे आहे? तिला मळका हवा होता. आता विमलची पंचाईत झाली. कोणाला कपडा द्यायचा तर धुऊन, घडी घालून द्यायचा, हे तिच्या आईने तिला शिकवलेलं. मळका फ्रॉक दुसऱ्याच्या हातात ठेवायचा म्हणजे घराची अब्रूच जिन्यात टांगायची. ती दारात घुटमळत राहिली. शेवंतीने मोरीतल्या बादलीशेजारून आदल्या दिवशीचा शाळेचा फ्रॉक उचलला आणि जनाबाईला दिला. जनाबाईने तो पिंजऱ्यात पसरला. गुळ्या लगेच त्यावर जाऊन बसला. मी माझ्या चौदा कलमांच्या दोन्ही प्रती खिशात घातल्या.

गावी दिवस कसे गेले ते थोडक्यात सांगतो. आईचं ऑपरेशन नीट झालं. शेवंती आजीचे थेंब घड्याळ लावून घालायची, त्या बाबतीत ती माझीच. पण तिचं चित्त तिथे नव्हतं. नरकचतुर्दशीच्या पहाटे खालच्या वाडीतून पहिला बार झाला तेव्हा उटणं लावून घेता घेता ती एकदम ताठ झाली. मी तिच्याकडे बघत होतो. तिने माझ्याकडे बघितलं नाही. त्या दिवशी मी फटाक्याला हात लावला नाही, आणि त्यात माझा काही मोठेपणा नव्हता, हातच उचलला गेला नाही. त्या सहा वर्षांतल्या सहा माळा मला आठवत होत्या. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पट्टी कायमची सुटली तेव्हा आईने त्या नव्या डोळ्याने नातीचं तोंड बघितलं आणि म्हणाली, या पोरीला घेऊन जा परत, शेजारची हौसा घालेल माझे थेंब. पाडव्याच्या रात्रीची गाडी आम्हाला मिळाली. ती महाडजवळ बंद पडली, आणि भाऊबीजेच्या सकाळी पोचायचे ते आम्ही दुपारी अडीचला डोंबिवलीत उतरलो. विमलला सामानासकट रिक्षात बसवून घरी पाठवलं आणि मी नि शेवंती तसेच मोठागावला गेलो.

जनाबाईचं घर शोधायला वेळ लागला नाही. ओटीवर तिची सून तुळसा जाळं विणत बसली होती. ओटीच्या कोपऱ्यात गुळ्याचा पिंजरा होता. दार उघडं, आत कोणी नाही. घरातून मटणाचा वास येत होता.

शेवंतीने माझा हात घट्ट धरला. वर्षभरात पहिल्यांदाच. आणि मला त्याचा आनंद व्हायच्या ऐवजी माझं डोकं फिरलं. मी त्या तुळसाला नाही नाही ते बोललो. विश्वासाने ठेवलेलं जनावर, लहान पोरीचं जनावर, लाज वाटायला हवी. ती बिचारी सुई हातात तशीच धरून ऐकत राहिली. माझं संपल्यावर ती मलाच धीर द्यावा तशा आवाजात म्हणाली, "सासू बंदरावर गेली त्याला घेऊन. भरती सरल, पला लवकर."

आम्ही पळालो. रेतीबंदरावर पाणी काठोकाठ भरलं होतं. एक होडी नुकतीच काठापासून सुटली होती. वल्ह्यावर म्हातारा गोमाजी, जनाबाईचा नवरा, आणि मधल्या फळीवर जनाबाई. तिच्या मांडीवर मासळीची पाटी, पाटीवर ओलं गोणपाट, आणि गोणपाटाच्या कडेतून शेवंतीच्या शाळेच्या फ्रॉकची निळी बाही बाहेर आलेली.

मी काठावरून ओरडलो की आम्ही आलोत, होडी मागे घ्या. जनाबाईने हात हलवून नकार दिला. म्हणाली, आज नाही मिळायचा ससा, आज भाऊबीज, राहिलेले फटाके पोरं आजच संपवतात, उद्या ये. माझा ससा मलाच द्यायला ती नाही म्हणत होती. एरवी मी काय केलं असतं देव जाणे. पण शेवंती हसली. मोठ्याने, तोंडावर हात न घेता हसली आणि म्हणाली, आम्हाला पण न्या. गोमाजीने दोन वल्ही उलटी मारली आणि होडी काठाला आणली.

होडीत बसल्यावर मला सगळा प्रकार कळला. जनाबाईने फारसं काही सांगितलं नाही, तिला त्यात सांगण्यासारखं वाटतच नव्हतं. गोमाजी वल्हवता वल्हवता एकेक सांगत गेला. अवसेच्या सुमाराला संध्याकाळी खाडी ओसरलेली असते, काठाला कंबरभर चिखल. संध्याकाळी होडी काढीन म्हटलं तर निघत नाही. म्हणून दुपारच्या भरतीला निघायचं, मधल्या खोल धारेत नांगर टाकायचा आणि रात्रीची भरती आली की परतायचं. चार दिवस त्यांनी हेच केलं. नरकचतुर्दशीला पहाटेचे फटाके असतात म्हणून आदल्या दुपारीच निघून अख्खी रात्र धारेत काढली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी काठाला लागले. लक्ष्मीपूजन त्या वर्षी पहिल्यांदा सुनेने एकटीने केलं. जनाबाईचा भाऊ ओवाळून घ्यायला कल्याणहून येतो, त्याला आज सकाळीच बोलावून मटण घालून परत पाठवलं. जाळ्याची खडखड होते म्हणून चार दिवसांत गोमाजीने जाळं टाकलं नव्हतं. दिवाळीच्या चार दिवसांची मासळी, एका सशापायी.

मी जनाबाईला विचारलं, आणि तुमची पहिली आंघोळ? जन्मात पहिल्यांदाच माझ्या तोंडून तिला अहोजाहो आलं. ती म्हणाली की तेलाची बाटली बरोबर आणली होती, डोक्याला लावली, खाडीत बुडी मारली, ती काय आंघोळ नव्हे?

"पण हे सुचलं कसं तुम्हाला?" मी विचारलं.

"सुचायचा काय त्यात," ती म्हणाली. "माजी सगली पोरां दिवालीला खारीतच निजली. तानी पोरां भितात. इथं आवाज येतो, पन अंगावर येत नाय."

नांगर पडला. पलीकडच्या काठाला तिवरांची रांग होती आणि त्यामागे नुसती शेतं. पाणी हळूहळू उतरायला लागलं, काठचा चिखल उघडा पडत गेला, आणि मला कळून चुकलं की आता रात्रीपर्यंत इथून सुटका नाही. माझी रात्रभराची एसटी, न झालेली आंघोळ, सकाळपासून पोटात दोन वडे, यातलं काही मला टोचत नव्हतं. मी त्या बाईकडे बघत होतो. कलम नऊ मी टाइप केलं होतं, फटाक्यांपासून दूर ठेवणे. दूर म्हणजे कुठे, हे मला सांगता आलं नसतं. या बाईने ते दूर शोधून काढलं होतं, स्वतःची दिवाळी बाजूला ठेवून तिथे जाऊन बसली होती, आणि वर मला सांगत होती की तुळशीच्या लग्नालाही फटाके वाजतात, त्या दिवशी त्याला परत घेऊन ये. तुळशीचं लग्न माझ्या तक्त्यात नव्हतं. साठी उलटलेल्या ज्या बाईला अक्षरशत्रू म्हणून मी मनात कमी लेखलं, तिच्या पायाशी बसायची माझी लायकी होती, आणि त्या होडीत जागाच अशी होती की मी खरोखर तिच्या पायाशीच बसलो होतो.

जनाबाईने पाटीवरचं गोणपाट काढलं आणि गुळ्याला शेवंतीच्या मांडीवर दिलं. गुळ्या चांगला जाडजूड झाला होता. तो शेवंतीच्या कोपरात तोंड खुपसून बसला, आणि शेवंती कितीतरी वेळ त्याच्या कानांवरून बोट फिरवत राहिली.

दिवेलागणीला डोंबिवलीच्या बाजूने पहिला बार झाला. मग दुसरा, मग माळा. तिथून ते सगळं चुलीत लाकूड तडतडावं तेवढंच ऐकू येत होतं. मला आमची बिल्डिंगही दिसल्यासारखी वाटली. जनाबाई वाकून गुळ्याच्या नाकाकडे बघत होती. नाक थांबलं. आम्ही चौघेही थांबलो. मग ते पुन्हा हलायला लागलं.

शेवंतीने गुळ्याला उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"हात असा ठेवा, बाबा," ती म्हणाली. "दाबायचं नाही."

मी तळहात त्याच्या बरगडीवर ठेवला. एवढंसं अंग आणि आत केवढी धडधड. ठोके मोजता येत नव्हते, इतके जवळ जवळ पडत होते. मोठागावाकडे एक माळ वाजली, माझ्या माळेएवढीच असेल, आणि अर्ध्या मैलावरून आलेल्या तेवढ्या आवाजानेही ते अंग माझ्या हाताखाली दगडासारखं झालं. मग सावकाश सैल पडलं. मला चार हात अंतर आठवलं. चार हात लांब बांधली होती मी. डोळ्यांतून पाणी आलं ते मी पुसलं नाही, हात मोकळाच नव्हता.

"साखऱ्याचं पण असंच झालं असेल ना?" शेवंतीने विचारलं.

"याहून खूप जास्त," मी म्हणालो. "माझ्यामुळे गेला तो."

"माहितीये," ती म्हणाली.

पण गुळ्याला तिने परत मागितलं नाही.